भूकंपात घरं टिकतील का याची पाहणी सुरू करताय? आधी भिंत बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या गावांतून सुरुवात करताय, छान! सॉफ्टवेअर, आलेख सध्या राहू देत.

१९९३ च्या किल्लारी भूकंपात बहुतेक माणसं दगावली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरच्या धाब्याच्या जड छपरांखाली. म्हणून घरात शिरलात की बघा:
- भिंतीत आरपार जाणारे जोडदगड आहेत का
- कोपऱ्यात दोन्ही भिंती एकमेकींत गुंतल्यात का
- दारं-खिडक्यांच्या वर सलग पट्टा आहे का

नवखे सगळं घरमालकालाच विचारतात, गवंड्याला कुणी विचारत नाही. आणि कन्नड-मराठी दोन्ही येणारा सोबती नेत नाहीत. (इंग्रजी फॉर्मबद्दल न बोललेलंच बरं.)

"भूकंप कधी होणार?" असं विचारतीलच. दिवस-वेळ कुणालाच सांगता येत नाही, हे सरळ सांगा. म्हाताऱ्यांकडे १९६७ च्या कोयना भूकंपाचा विषय काढा, मग बघा कसे बोलतात.