वाचकांचे प्रश्न : विहिरीच्या पाण्याखालचे चित्रीकरण

प्रश्न : आमच्या मळ्यातील विहिरीत दर उन्हाळ्यात घरची मुले पाठीला डबा बांधून पोहायला शिकतात. यंदा त्यांचे पाण्याखालचे शूटिंग मी मोबाइलवर केले. फोन वाचला, परंतु चित्र हिरवट आणि धुरकट आले. चांगला कॅमेरा घेतला तर फरक पडेल का?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : फरक पडेल, पण आपल्याला वाटतो तितका नाही. हा धुरकटपणा प्रामुख्याने कॅमेऱ्याचा नसून भिंग आणि मूल यांच्यामध्ये असलेल्या पाण्याचा आहे. विहिरीच्या पाण्यात शेवाळाचे सूक्ष्म कण आणि गाळ तरंगत असतो आणि प्रत्येक कण थोडाथोडा प्रकाश विखुरतो. मूल दोन मीटरवर असताना घेतलेले दृश्य अर्ध्या मीटरवरून घेतले, तर मधले पाणी एक चतुर्थांश उरते. इतका फरक कोणताही महागडा कॅमेरा पाडून दाखवणार नाही. झूम करणे म्हणजे तेच गढूळ पाणी मोठे करून पाहणे, त्यामुळे तो मोह टाळावा.

इतक्या जवळून मूल चित्रात पूर्ण मावायचे, तर भिंगाचा कोन रुंद हवा. पाणी इथेही आडवे येते. सपाट काचेतून पाहताना प्रकाशकिरण वाकतात, कारण पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ आहे, हवेत ९० अंशांचा पट्टा टिपणारे भिंग पाण्यात जेमतेम ६४ अंश टिपते. म्हणूनच अशा कामाला मुळातच रुंद कोनाचे असलेले लहान ॲक्शन कॅमेरे सोयीचे पडतात. गोप्रोचे २०१६ नंतरचे हिरो ब्लॅक कॅमेरे वेगळ्या केसशिवाय (जलरोधक कवचाशिवाय) १० मीटर खोलीपर्यंत चालतात आणि आपल्या विहिरीला तेवढे पुरेसे आहे. मोबाइलवरील आयपी ६८ हा पाणी-धुळीपासून संरक्षणाचा शिक्का मात्र स्थिर, गोड्या पाण्यातील ठरावीक खोली आणि ठरावीक वेळेपुरता असतो. फोन हातात धरून सूर मारल्यावर बसणारा दाब त्यात धरलेला नसतो. शिवाय पाण्याखाली पडद्याला बोटाचा स्पर्श नीट कळत नाही, त्यामुळे फोनच वापरायचा असेल तर रेकॉर्डिंग वरच सुरू करून मग पाण्यात उतरावे.

खरी किल्ली वेळेत आहे. सकाळी विहिरीच्या काठाची सावली पाण्यावर असते आणि तिरपे ऊन पृष्ठभागावरून बरेचसे परावर्तित होते. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास सातारा-सांगली पट्ट्याच्या जवळजवळ थेट डोक्यावर येतो आणि ऊन विहिरीच्या तळाकडे सरळ उतरते. त्या तासाभरात काळ्या दगडी भिंतीच्या पार्श्वभूमीवर उन्हाच्या तिरिपी पाण्यात लोंबताना दिसतात. शाळेच्या सुट्टीत हा योग आपल्याकडे आयता जुळून येतो. त्या दिवशी मुलांना आधी पाण्यात धुडगूस घालू देऊ नये; पायऱ्यांवरचा गाळ एकदा ढवळला की तो खाली बसायला बराच वेळ लागतो.

हिरवट छटेविषयी. पाणी तांबडा रंग सर्वांत आधी शोषते. स्वच्छ समुद्रातही पाच मीटरच्या आसपास तो बराच फिका पडलेला असतो, आणि शेवाळाच्या पाण्यात निळाही मरतो, त्यामुळे हिरवा तेवढा मागे उरतो. समुद्रासाठी विकला जाणारा लाल फिल्टर म्हणून विहिरीत उपयोगाचा नाही. तिथे किरमिजी फिल्टर लागतो, आणि तोही दोन-तीन मीटरपेक्षा उथळ पाण्यात फारसा कामाचा नसतो. त्याऐवजी ज्या खोलीवर शूटिंग करायचे तिथेच पांढरी वस्तू समोर धरून व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कोणता हे कॅमेऱ्याला सांगणारी सेटिंग) हाताने ठरवावा. मुलाचा पांढरा बनियनही चालतो, मात्र तो नीळ घातलेला नसावा, नाहीतर सगळे चित्र पिवळट होते. (हे मला तीन दिवसांचे शूटिंग वाया घालवून कळले.)

दिवा लावायचाच असेल तर तो भिंगाला चिकटून नको. पसरणीच्या घाटात धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसाच प्रकार गढूळ पाण्यात होतो. दिवा हातभर बाजूला, किंचित बाहेरच्या दिशेने वळवून धरावा, म्हणजे मधले कण कमी उजळतात.

आणि एक गोष्ट कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाची आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बंद करून फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत. मुलांवर लक्ष ठेवणारा पट्टीचा पोहणारा वेगळा हवा. ज्याचा डोळा पडद्यावर आहे त्याला बुडणारे मूल दिसत नाही.

प्रश्न : तारकर्लीला नेलेल्या कॅमेऱ्याच्या केसमध्ये आतून धुके धरले. केस गळकी आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बहुधा नाही. किनाऱ्यावरची दमट हवा केसमध्ये कोंडली जाते, कॅमेरा चालू राहून तापतो, काच पाण्याने थंड असते आणि आतला बाष्पांश दवासारखा काचेवर जमतो. केस सकाळीच, एसी खोलीत किंवा निदान कोरड्या जागेत बंद करावी आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. गळतीची शंका असेल, तर कॅमेरा बाहेर काढून आत टिश्यू पेपर ठेवावा आणि केस बादलीत दगडाखाली अर्धा तास दाबून ठेवावी. माझ्या केसमध्ये एकदा कागदाचा एकच कोपरा भिजला. ओ-रिंग (केसच्या झाकणाची रबरी कडी) बोटात धरून उजेडात फिरवली, तेव्हा तिच्यावर आडवा पडलेला डोक्याचा एक केस सापडला. ओ-रिंग सिलिकॉन असेल तर तिला कोणते ग्रीस चालते हे माहितीपत्रकात पाहावे; सिलिकॉन ग्रीस सिलिकॉन रबराला फुगवू शकते. व्हॅसलीन लावू नये.

प्रश्न : कृष्णेतील माशांचे चित्रीकरण करायचे आहे. नदीत कुठे उतरावे?
– एक वाचक, भिलवडी (जि. सांगली)

उत्तर : उतरू नये. आपल्या पट्ट्यात मगरींचा वावर आहे, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. पाण्याच्या कडेलाही बसू नये. उंच घाटावरून किंवा पुलावरून कॅमेरा दोरीने सोडता येतो, तोही दिवाळीनंतर, पुराचा तांबडा गाळ खाली बसल्यावर. कॅमेऱ्याखाली किलोभर वजन बांधावे म्हणजे तो गिरक्या घेत नाही, थोडी कणीक जवळ लोंबती ठेवावी आणि रेकॉर्डिंग चालू करून अर्धा तास तिथून हलावे. आपली सावली पाण्यावर असेपर्यंत मासे जवळ येत नाहीत. दोरी नायलॉनची घ्यावी आणि ती कॅमेऱ्याच्या प्लास्टिकच्या क्लिपला न बांधता धातूच्या चौकटीला बांधावी.