टायटॅनियमची सायकल, आणि तीही पेटीत मावणारी?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी सांगलीची. वय ५४, बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. उंची जेमतेम पाच फूट. मुलगी म्युनिकला असते. पुढच्या उन्हाळ्यात डॅन्यूबच्या काठाने पासाऊ ते व्हिएन्ना सायकलने जायचं मनात आहे, आणि त्यानंतरही दरवर्षी एकेक देश. अंगाच्या मापाने बनवलेली, मधून सुटी होणारी टायटॅनियमची सायकल घ्यावी असं फार वाटतं. मुलगा म्हणतो, एवढे पैसे घालण्यापेक्षा तिथे भाड्याने घे. काय करू?

उत्तर : नमस्कार. तुम्ही टायटॅनियमबद्दल विचारता आहात, पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती तुमची उंची. मी स्वतः तुमच्यापेक्षा फार तर इंचभर उंच असेन. दुकानातली सगळ्यात लहान फ्रेमसुद्धा आपल्याला लांबच पडते. हँडल गाठण्यासाठी खांदे ताणावे लागतात आणि संध्याकाळी मान धरते. वळताना पॅडलवरच्या पायाचा चवडा पुढच्या चाकाला घासतो, तो त्रास वेगळाच. मापाने बांधलेल्या फ्रेमचे पैसे सार्थकी लागतात ते इथे. बांधणाऱ्याला २६ इंची चाकं सांगा. लहान फ्रेममध्ये पायाला जागा मिळते आणि पेटीत चाक सहज बसतं.

दुसरे पैसे सार्थकी लागतात कपलिंगमध्ये. वरच्या आणि खालच्या दांडीत एकेक जोड असतो. दोन्ही तोंडांना दाते असतात, ते एकमेकांत बसतात आणि वरून आट्यांची मोठी रिंग खास पान्याने आवळायची. कॅलिफोर्नियाच्या एस अँड एस कंपनीचे हे जोड पोलादातही मिळतात आणि टायटॅनियममध्येही. विमान कंपन्या चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून साधारण १५८ सेंटिमीटर धरतात. २६ × २६ × १० इंचांची पेटी बरोबर त्यात बसते. पेटीसकट वजन २३ किलोच्या आत ठेवलं, की बहुतेक ठिकाणी ती साधी बॅग म्हणूनच जाते. पॅनिअर (कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या) आणि कपडे मात्र वेगळ्या बॅगेत.

आता धातू. टायटॅनियमचं कौतुक वजनासाठी होतं. ते पोलादापेक्षा खूपच हलकं आहे हे खरं, पण सामानाने भरलेल्या सायकलवर तो एखादा किलो पायांना कळतही नाही. मला ते आवडतं ते दुसऱ्याच कारणाने : त्याला रंग द्यावा लागत नाही. सुटी होणारी सायकल दर प्रवासात पेटीत घासते. कापडी वेष्टण घातलं तरी कुठेतरी क्रँकचं, म्हणजे पॅडल बसतं त्या दांड्याचं, टोक फ्रेमला लागतंच. पोलादी फ्रेमवर तिथला टवका उडाला, की खालून गंज धरतो, आणि आमच्या रत्नागिरीच्या हवेत तर एका पावसाळ्यात रंग फुगून येतो. माझ्या टायटॅनियमच्या फ्रेमवर ओरखडे भरपूर आहेत. बारीक घासणीने पुसले की फिके होतात आणि विषय संपतो.

दुसरी बाजूही ऐका. टायटॅनियम गावातल्या वेल्डरकडे जोडता येत नाही. तापलेल्या धातूला हवा लागली तर तो ठिसूळ होतो, म्हणून नळीच्या आतून-बाहेरून आर्गॉन वायू सोडावा लागतो. पोलाद कुठेही सांधून मिळतं. तुम्हाला पुढे मंगोलिया किंवा ताजिकिस्तान खुणावत असेल, तर मी पोलादी फ्रेम आणि तेच कपलिंग घ्यायला सांगेन. युरोप, जपान असा बेत असेल तर टायटॅनियम खुशाल घ्या. सीटच्या दांड्याला अँटी-सीझ, म्हणजे धातू एकमेकांत धरून बसू नयेत म्हणून असलेली पेस्ट, लावायला मात्र चुकू नका. ॲल्युमिनियमचा दांडा टायटॅनियममध्ये असा धरून बसतो की मग हलत नाही.

ब्रेक वायरचेच घ्या. फ्रेम सुटी करताना वायर मध्येच सोडवायचे छोटे जोड मिळतात. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या नळीचं तसं सोपं नसतं.

पेटी भरणं घरी नीट शिकून घ्या. आधी पॅडल, आणि डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं हे लक्षात असू द्या. मग चाकं, टायरमधली हवा काढून. मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) सोडवून चिंधीत गुंडाळायचा. वाकतो तो नेहमी त्याचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला ज्यावर बसतो ती पट्टी, म्हणून एक जादा हँगर जवळ असावा. भरलेल्या पेटीचा फोटो झाकणाच्या आत चिकटवा, म्हणजे तपासणीसाठी उघडणाऱ्याला पुन्हा तशीच लावता येईल. जोडताना कपलिंगचे दाते पुसून ग्रीस लावा, दोन्ही रिंगा आळीपाळीने आवळा, आणि पहिले काही दिवस सकाळी निघण्याआधी पाना लावून बघा. तो पाना पॅनिअरमध्ये हवा, म्युनिकच्या घरी नव्हे.

आता मुलाचं म्हणणं. पहिल्या खेपेपुरतं ते बरोबर आहे. पासाऊ ते व्हिएन्ना ३०० किलोमीटरच्या थोडं वर, बहुतेक सपाट, नदीच्या कडेने डांबरी वाट. पासाऊत भाड्याच्या सायकली सहज मिळतात, सामान पुढच्या मुक्कामी पोचवण्याची सोयही असते. श्लोगनला नदी जिथे उलटी वळते तिथे वर चढून बघा आणि वाखाउ खोऱ्यात जर्दाळूच्या बागांतून सावकाश जा. त्या प्रवासात कुठे दुखलं, हँडल किती लांब वाटलं, सीट किती खाली घ्यावी लागली, सगळं टिपून ठेवा. फ्रेम बांधणाऱ्याला तुमच्या पायाच्या नि हातांच्या मापांइतकीच ही माहिती लागते.

दरवर्षी जायचं नक्की असेल, तर परतल्यावर ऑर्डर द्या. रक्कम लाखांत जाते, वर आयातशुल्क, तेव्हा दोन्ही धरून हिशेब करा. फ्रेम नंबर कोरलेला असू द्या. परदेशी निघताना विमानतळावरच्या कस्टम्समध्ये तो नंबर आणि बिल दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं, म्हणजे परत येताना तुमच्याच सायकलवर कुणी ड्युटी मागणार नाही. त्यासाठी विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा. पेटी चेक-इनला गेली की दाखवायला सायकल हाताशी राहत नाही.