पांढरी पावडर निघाली, पण ती हेस्पेरिडिनच कशावरून?

प्रश्न: मॅडम, मी बीएस्सी थर्ड इयरला आहे, मोसंबीच्या सालीतून हेस्पेरिडिन (संत्र्या-मोसंबीच्या सालीतलं एक फ्लेवोनॉइड, म्हणजे वनस्पतीत सापडणाऱ्या संयुगांच्या एका घराण्यातलं) काढायचा प्रोजेक्ट आहे. रंकाळ्याजवळच्या ज्यूसवाल्या काकांकडनं पिशवीभर साली आणल्या, आतला पांढरा भाग खरवडून टाकला, वरची साल वाळवून मिक्सरला लावली आणि मिथेनॉलमध्ये दोन दिवस भिजत ठेवली. मिथेनॉल उडवल्यावर उरलं काय तर काकवीसारखं तपकिरी चिकट काहीतरी आणि त्यात चिमूटभर पांढरट पावडर. शिनोडा टेस्टला (फ्लेवोनॉइड ओळखायची रंगाची चाचणी) गुलाबी रंग आला. रिपोर्टमध्ये 'हेस्पेरिडिन मिळाले' लिहू का?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर: अगं थांब, एवढ्यात लिहू नकोस. पहिलं म्हणजे जो पांढरा भाग तू खरवडून टाकलास ना, माल त्यातच जास्त होता! १८२८ मध्ये लेब्रेटननं हेस्पेरिडिन पहिल्यांदा काढलं ते संत्र्याच्या त्याच पांढऱ्या अस्तरातून. वरच्या पिवळ्या सालीत तेलाच्या पिशव्या, आणि त्या तेलात नव्वद टक्क्यांच्या वर लिमोनिन नव्हे हं (तो कडू पदार्थ वेगळा), लिमोनीन, म्हणजे साल पिळल्यावर डोळ्यात उडतं ते. तुझी काकवी झाली ती या तेलामुळं, मेणामुळं आणि सालीतल्या साखरेमुळं.

तर काकांकडं परत जा. अख्खी साल पांढऱ्यासकट सावलीत वाळव, पूड कर, आधी सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावक पुडीतून पुन्हा पुन्हा फिरवणारं काचेचं उपकरण) पेट्रोलियम ईथरनं तेल-मेण काढून टाक (बर्नर अजिबात पेटवायचा नाही, हीटिंग मँटल वापर), मग तीच पूड मिथेनॉलनं काढ. मिथेनॉल उडवून राहिलेल्या पाकात ६ टक्के अॅसेटिक अॅसिड घाल आणि रात्रभर ठेव, खडे बसतात. ते कोमट डीएमएसओ या द्रावकात विरघळवून हळूहळू पाणी सोडलंस की आणखी स्वच्छ होऊन परत येतात.

आता ओळख पटवायचं. शिनोडाचा गुलाबी रंग एवढंच सांगतो की फ्लेवोनॉइड घराण्यातलं कुणीतरी आहे, आडनाव कळलं पण नाव नाही. पपनसाच्या सालीत नारिंजिन असतं, तेही पांढरंच, तेही शिनोडाला रंग देतं, यूव्हीत दोघांचाही पीक २८३ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे तिथंही फसशील. फरक कुठं सापडतो तर एनएमआरमध्ये (चुंबकाच्या मदतीनं रेणूतले हायड्रोजन कुठं आहेत ते दाखवणारी तपासणी). हेस्पेरिडिनवर एक मिथॉक्सी गट (ऑक्सिजनला जोडलेला CH₃) आहे, त्याची तीन हायड्रोजनची सरळ एक रेघ आलेखाच्या पट्टीवर ३.८ पीपीएमच्या जवळ उभी राहते, नारिंजिनला ती नसतेच. रेणूचं वस्तुमान पण वेगळं, हेस्पेरिडिन ६१०, नारिंजिन ५८०. एनएमआरवाल्यांना सँपल डीएमएसओमध्येच द्यायचं, क्लोरोफॉर्ममध्ये हे विरघळत नाही, हे आधीच सांग नाहीतर परत पाठवतील.

एनएमआर जमलंच नाही तर निदान टीएलसी प्लेटवर (पातळ थरावर पदार्थ वेगळे करायची पद्धत) विकतच्या शुद्ध हेस्पेरिडिनशेजारी तुझा ठिपका लाव, आणि दोन्ही मिसळून वितळबिंदू घे. तोच पदार्थ असेल तर वितळबिंदू उतरत नाही. अडीचशे अंशांच्या पुढं वितळता वितळता तपकिरी पडतं, घाबरू नकोस.

हे सगळं एवढं लांबण लावून सांगतेय कारण मी स्वतः फसलेय. एमएस्सीला असताना चुन्याच्या निवळीनं काढायची पद्धत केली, पांढरीशुभ्र पावडर निघाली, मी खूश, आणि वितळबिंदू घ्यायला गेले तर ३०० झाले तरी ती तशीच! शेवटी चमच्यावर जाळून बघितली तर मागं राख, म्हणजे अर्धाअधिक चुनाच होता आणि मी वहीत उतारा किती टक्के ते पण काढून ठेवलेलं.

प्रश्न: घरी काढलेला मोसंबीचा रस पंधरा-वीस मिनिटं ठेवला की कडू का होतो? फळ तर गोड असतं.
– एक गृहिणी, शाहूपुरी

उत्तर: हा वर म्हटलेला दुसरा, लिमोनिन. फळाच्या गरात तो लिमोनिन म्हणून जवळजवळ नसतोच, कडू न लागणाऱ्या रूपात असतो. रस काढताना पेशी फुटतात, रसातल्या आंबटपणाशी गाठ पडते आणि त्याचा हळूहळू लिमोनिन होतो, गरम केला तर आणखी पटकन. बियांमध्ये हा भरपूर, त्यामुळं ताई, बिया मिक्सरमध्ये फिरू देऊ नका आणि रस काढला की लगेच प्या. बाकी हा लिमोनिन १८४१ मध्येच वेगळा काढलेला, पण त्याची नेमकी रचना कळायला १९६० उजाडलं.