दोन फुटी टाकीत एंजल, टायगर बार्ब, गप्पी आणि गोल्डफिश एकत्र ठेवता येतील का?

दुकानदाराने "सगळे चालतात" असे सांगितल्याचे आपण लिहिले आहे. चालत नाहीत. एंजल आणि टायगर बार्ब ही दोन नावे एका ओळीत वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवले नाही, कारण याच जोडीवरून आमच्या घरात झालेला वाद अजून मिटलेला नाही.

२०१४ साली ठाण्याच्या घरी आमची दोन फूट लांब आणि दीड फूट उंच टाकी होती. तिच्यात रुपयाच्या नाण्याएवढे असल्यापासून मी वाढवलेले दोन एंजल होते. आठ महिन्यांत त्यांच्या पोटाखालचे दोऱ्यासारखे दोन पर इतके वाढले होते की मासा खाली उतरला की ते वाळूला टेकत. टाकी रिकामी दिसते म्हणून माझ्या थोरल्या भावाने तीन टायगर बार्ब आणून सोडले. चौथ्या दिवशी सकाळी खाणे टाकताना लहान एंजलचा एक दोरा निम्माच उरलेला दिसला, आणि आठवडा संपेपर्यंत दोघांचेही दोरे मुळापासून गेले होते व शेपटीच्या कडेला अर्धगोल खाचा पडल्या होत्या. दादाचे म्हणणे असे, की ही पर कुजण्याची लागण आहे आणि मी पाणी वेळेवर बदलत नाही. त्याने टाकीत मिथिलीन ब्लू हे माशांचे औषध ओतले. त्याने फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाच धक्का बसतो, हे तेव्हा त्याला पटवता आले नाही.

कुजणाऱ्या पराची कड पांढुरकी आणि चिंधीसारखी विरलेली असते. चावलेल्या पराची कड स्वच्छ तुटलेली असते. आमच्या एंजलांच्या परांवर पांढरे काहीही नव्हते. त्या रविवारी मी तासभर टाकीसमोर बसून पाहिले: बार्ब मागून येई, पराला हिसका देऊन निसटे, आणि एंजल सावकाश वळेपर्यंत दुसरा बार्ब दुसऱ्या बाजूने आलेला असे. अकराव्या दिवशी लहान एंजल गेला. शेवटचे दोन दिवस तो हीटरच्या मागे डोके खाली करून उभा होता आणि खाण्याकडे पाहतही नव्हता. बार्ब दुकानात परत दिल्यावर मोठ्या एंजलचे पर सुमारे दीड महिन्यात, कोणत्याही औषधाविना, पुन्हा वाढले.

तीनच बार्ब आणणे ही दुसरी चूक. टायगर बार्ब हा कळपाचा मासा आहे. आठ-दहा असले तर त्यांच्या खोड्या बऱ्याचशा आपसात जिरतात, दोन-तीन असले की शेजाऱ्यावर निघतात. गप्पी नराची लांब शेपटी हे तर त्यांना आमंत्रणच आहे.

गोल्डफिशचा प्रश्नच येत नाही. त्याला १८ ते २२ अंशांचे पाणी मानवते आणि एंजलला २६ ते २८ अंशांचे. शिवाय तो इतकी घाण करतो की आपल्या टाकीचा फिल्टर त्याच्या एकट्यासाठीही अपुरा पडेल. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत ५७ लिटर पाणी मावते, आणि वाळू-दगड घातल्यावर ५० च्या आसपास. एवढ्या पाण्यात मी एंजलही ठेवणार नाही, कारण त्याला लांबीपेक्षा उंची लागते. आठ-दहा निऑन टेट्रा, तळाला सहा कोरीडोरास आणि एक हनी गुरामी एवढे पुरे. कोरीडोराससाठी मऊ वाळूच घालावी, टोकदार खड्यांनी त्यांच्या मिशा झिजतात. पाणी बोअरवेलचे, जड असेल तर निऑनचा नाद सोडून गप्पी किंवा प्लॅटी ठेवावेत. त्यांना तेच पाणी मानवते. बार्बच हवे असतील तर चेरी बार्ब घ्यावेत, ते शांत असतात. दुकानदार "काच साफ करतो" म्हणून बोटभर लांबीचा सकर मासा देईल, तो घेऊ नये. तो फूटभराच्या वर वाढतो. मिस केरळ हा आपल्याच पश्चिम घाटातला, अंगावर लाल-काळा पट्टा असलेला देखणा मासा. २०१३ साली त्याच्या प्रजातीगटाला सह्याद्रीवरूनच नाव मिळाले. पण तो पंधरा सेंटीमीटरपर्यंत वाढतो, कळपाने पोहतो आणि नद्यांतून पकडला गेल्याने धोक्यात आला आहे, म्हणून चार फुटी टाकी असेल आणि नदीतून न पकडता पैदास केलेले मासे मिळत असतील तरच त्याचा विचार करावा.

चार फुटी, दाट वनस्पतींच्या टाकीत डझनभर टायगर बार्ब आणि एंजल वर्षभर एकत्र राहिल्याचे कोणी सांगितले तर मी ते खोटे म्हणणार नाही. प्रत्येक माशाचा स्वभाव वेगळा असतो. स्वच्छ पाण्यात सौम्य कूजही औषधाविना भरून येते, हेही मान्य आहे. पण "मासे आहेत, थोडे भांडणारच" हे दादाचे वाक्य मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. नदीत मार खाणारा मासा पळून जातो, टाकीत त्याला दोन फुटांवर काच लागते. दादा अजूनही पाण्यालाच दोष देतो. त्या आठवड्यात मी दोनदा पाणी बदलले होते. तारखा टाकीखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर आहेत, आणि तो कागद मी अजून काढलेला नाही.