वाचले नाही ते लिहायचे नाही

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधातील पूर्वसाहित्याचा आढावा तू चॅटजीपीटीकडून लिहून घेतलास, साम्य-तपासणीत तो सुखरूप पार पडला, मार्गदर्शकांनीही हरकत घेतली नाही. आणि आता त्यातले काही संदर्भ कुठेच सापडत नाहीत म्हणून तुझी झोप उडाली आहे. झोप उडाली हे बरेच झाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरे. पण ती तपासणी तुझा मजकूर आधीच्या मजकुराशी जुळतो का, एवढेच पाहते. जो लेख कोणी लिहिलाच नाही, तो कशाशी जुळणार? एआय मुद्दाम फसवते असेही नाही. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, या हिशेबाने ते वाक्य जुळवते, आणि आडनाव, वर्ष, शीर्षक, नियतकालिक हा संदर्भाचा साचाही तसाच भरून देते. वाचायचे काम तुझे होते.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर झाले. ते चॅटजीपीटीकडून मिळवले एका वकिलाने आणि कागदावर सही केली दुसऱ्याने, तीही निवाडे न वाचता. दोघांना व त्यांच्या कार्यालयाला मिळून ५,००० डॉलर दंड झाला. वाचले नाही ते लिहायचे नाही. आणखी किती वेळा सांगू?

तू म्हणशील, सरांचे जुनेच पालुपद. असू दे. सातारा जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटिअर न उघडता दुसऱ्याच्या पुस्तकातली तळटीप उचलली, एवढ्यावरून मी एका हुशार विद्यार्थ्याचा प्रबंध अडवून धरला होता. तो दुसऱ्या मार्गदर्शकाकडे गेला, पदवी घेतली, आणि आज लग्नकार्यात समोर आला तरी बोलत नाही. त्याचे दुःख मला आहे. पण सही माझी मागितली होती, आणि माझ्या सहीपुरता नियम मीच ठरवणार. लोकांनी हेकट म्हटले, ते अजूनही म्हणतात.

यंत्राला हातच लावू नकोस, असे माझे म्हणणे नाही. इंग्रजी गोषवारा तपासून घे, तक्ते लावून घे. मात्र कोणते साधन कशासाठी वापरले ते संशोधनपद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिही. जबाबदारी घेऊ शकत नाही म्हणून यंत्राला लेखक म्हणता येत नाही, अशी भूमिका ‘कोप’ या प्रकाशन-नीतिमत्तेच्या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्येच घेतली. म्हणजे चूक यंत्राची असली तरी उत्तर तुलाच द्यावे लागेल.

एका गोष्टीने मात्र मी खरोखर रागावलो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवमालकांच्या, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांच्या मालकांच्या, आणि हळद-व्यापाऱ्यांच्या मुलाखती तू नावानिशी, कर्जाच्या आकड्यांसह, सारांशासाठी चॅटजीपीटीत टाकल्यास. त्यांनी ते तुला ओसरीवर बसवून विश्वासाने सांगितले होते. बाहेरच्या कंपनीच्या संगणकावर पाठवायची परवानगी दिली नव्हती. ती संभाषणे आजच काढून टाक आणि त्या माणसांना जाऊन सांग. त्यांनी नकार दिला तर ती मुलाखत प्रबंधातून गाळ.

येत्या रविवारी विश्रामबागला घरी ये. ज्या संदर्भाची मूळ प्रत तुझ्या हाती नाही, त्यावर येण्यापूर्वी लाल शाईने काट मार. उरेल तेवढ्यावर प्रकरण नव्याने लिहायचे. मुदतवाढीचा अर्ज आपण दोघे मिळून करू.

तुझे,
सर