रामदास बोट का बुडाली आणि त्यानंतर काय बदललं?

'रामदास' १७ जुलै १९४७ रोजी बुडाली, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवस बंदराला निघालेल्या या बोटीत सुमारे सातशे माणसं होती आणि त्यांतली सहाशेहून अधिक गेली. आषाढाची अमावस्या जवळ आलेली, म्हणून गावी जाणाऱ्यांची गर्दी होती.

मूळ कारण पावसाळी समुद्र. काशाच्या खडकाजवळ वारा आणि लाटा अंगावर आल्या, बोट एका बाजूला कलली. घाबरलेले लोक जिवाच्या आकांताने दुसऱ्या बाजूला धावले आणि तोल पार गेला. त्या लोकांना दोष देऊ नये. पाणी आत शिरताना कुणीही हेच केलं असतं. खरा प्रश्न असा, की भर आषाढात इतकी माणसं घेऊन बोट सुटलीच का?

मला सर्वात जास्त सलते ती बाब वेगळी आहे. बोट मुंबईपासून काही मैलांवर बुडाली, तरी बंदराला कित्येक तास पत्ताच नव्हता, कारण बोटीवर वायरलेस, म्हणजे बिनतारी संदेशयंत्र, नव्हता. पोहत, फळीला धरून जे किनाऱ्याला लागले, त्यांच्या तोंडून शहराला कळलं. काहींना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. त्या खवळलेल्या पाण्यात होडी घालणं सोपं नव्हतं.

पुढे वायरलेसची सक्ती आली, पावसाळ्यातल्या प्रवासी फेऱ्यांवर निर्बंध आले. पण कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, कित्येक घरांत त्या वर्षीचा १५ ऑगस्ट सुतकातच गेला.