छोटे धर्मग्राम एकत्र केले की छोट्या चर्चच्या लोकांचं आणि पैशाचं काय होतं?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत तुमच्या गावातले तीन छोटे कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चचा भाविकसमाज) एक होणार आहेत, तर लोक टिकतात का आणि पैसा कुठे जातो. पैशाचं आधी सांगते, कारण त्यावरून मी दोन वर्षं भांडले आहे.

मी वसईची. लहानपणी एका धर्मग्रामाचे दोन होताना पाहिले. लग्न होऊन पिट्सबर्गजवळच्या एका जुन्या पोलाद-गावात आले, तर इथे सगळं उलट. कारखाने बंद पडले, तरुण निघून गेले आणि स्लोव्हाक, पोलिश, इटालियन लोकांनी आपापल्या टेकडीवर बांधलेली देवळं, म्हणजे चर्च, मागे उरली. 2018 मध्ये धर्मप्रांताने (एका बिशपांच्या हाताखालचा सगळा भाग) 188 धर्मग्रामांचे 57 गट केले. एका फादरना रविवारी फार तर तीन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करता येतात, तेव्हा वेळापत्रकाला कात्री लागणारच होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आमच्या गटात तीन देवळं. सगळ्यात लहान स्लोव्हाक लोकांचं, रविवारी साठेक माणसं. तिथल्या आज्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, दर गुरुवारी तळघरात पिएरोगी करायच्या आणि शुक्रवारी विकायच्या. पिएरोगी म्हणजे बटाटा-चीज भरलेली, उकडलेली करंजीच. पहिल्या दिवशी मी कडेला मुरड घातली, आई नाताळात घालायची तशी, आणि सगळ्याजणी हातातलं काम टाकून बघायला आल्या. त्यानंतर कडा बंद करायचं काम माझंच झालं. परक्या देशात माझं म्हणावं असं ते पहिलं ठिकाण. दारावर पाटी असायची, ‘छपरासाठी’. एकेक डझन विकून एकेचाळीस हजार डॉलर साठले होते.

मग विलीनीकरण आलं. अर्थसमितीतले एक गृहस्थ म्हणाले, आता आपण एक कुटुंब, छपराचा निधी मोठ्या देवळाच्या बॉयलरला वापरू, आणि दोन स्वयंपाकघरं कशाला हवीत? मी म्हटलं, आमच्याकडे एकत्र कुटुंबातसुद्धा सुनेचं स्त्रीधन घरदुरुस्तीला काढत नाहीत. चर्चचा कायदाही तेच सांगतो. विलीन झालेल्या धर्मग्रामाची मालमत्ता आणि देणी नव्याकडे जातात, पण देणाऱ्यांची इच्छा राखून (कलम 121). एखाद्या कामासाठी दिलेलं दान त्याच कामाला लावायचं (कलम 1267). ही कलमं मी छापून नेली. त्यावर त्यांचं उत्तर, पिएरोगी घेणारा दान देत नाही, जेवण विकत घेतो. अजून तेच म्हणतात. अहो, पीठ, लोणी आणि ऐंशी वर्षांचे हात फुकट दिले ते कोणी? दान त्यांनी केलं होतं, आणि छपरासाठीच केलं होतं.

पैसे शेवटी छपरालाच लागले. स्वयंपाकघर मात्र गेलं. चौदा आज्यांपैकी आज पाच मिस्सेला येतात. मिस्सेची वेळ बदलली तेव्हा सगळ्या आल्या होत्या. लाटणं बंद झालं आणि त्या यायच्या थांबल्या.

तुम्ही आधी विचारा, गट होणार की विलीनीकरण? गटात प्रत्येक धर्मग्रामाचा पैसा आणि अर्थसमिती वेगळी राहते, विलीनीकरणात एकच. प्रत्येक निधी कशासाठी जमवला ते आत्ताच लिहून फादरांची सही घ्या. बिशपांचा आदेश पटला नाही तर तो कळल्यापासून दहा दिवसांत त्यांनाच लेखी विनंती करावी लागते, त्यामुळे कागद तयार ठेवा. नुसते फादर कमी आहेत म्हणून धर्मग्राम बंद करता येत नाही, हे रोमच्या 2020 च्या सूचनेत स्पष्ट आहे.

एक सांगायलाच हवं, मी कायदा शिकलेली नाही, धर्मप्रांताच्या कार्यालयात विचारून घ्या. आणि एकत्र येणं वाईटच असं मी म्हणत नाही. आमच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग पूर्वी चार पोरांचा होता, आता तीसजणांचा आहे. हिशेबनीस एकच लागतो. अंत्यविधीनंतरचं जेवण तिन्ही देवळांच्या बायका मिळून करतात.

पण ते जेवणही मोठ्या देवळातच होतं. छोटं स्वयंपाकघर येत्या उपवासकाळात उघडावं म्हणून आम्ही पुन्हा पत्र दिलंय. खाली त्या पाचजणींच्या सह्या आहेत आणि सहावी माझी.